वरच्या मजल्यावरचा पाव

लोणावळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू आणि मी एकदमच सावरडो, म्हणजे यीस्टशिवाय पीठ आंबवून केलेला पाव, करायला शिकू लागलो. इथल्या दमट हवेत माझं पीठ आंबून नुसतं पसरायचं, काकूंचं मात्र टम्म फुगायचं. "काही नाही गं, त्याचं ते फुगतं," काकू ओढणीला हात पुसत म्हणायच्या आणि माझा तिळपापड व्हायचा.

परवा माझा पाव पहिल्यांदाच छान फुलला. तो गरम असतानाच मी मुद्दाम वर घेऊन गेले. काकूंनी जाडसा तुकडा तोडला आणि डोळे मिटून खाल्ला.

"माझ्यापेक्षा चांगला झालाय गं!" म्हणत त्यांनी लगेच लेकीला फोन लावला आणि माझंच कौतुक सांगत बसल्या.

त्यांच्या चेहऱ्यावर मी जळफळाट खूप शोधला, पण तो कुठेच दिसेना. जिना उतरताना मला त्यांचा आणखीच हेवा वाटला.