परभणीचा भाव, पिंगळीचा भाव

आमच्याकडे गाजरगवत आणि किस्से, दोन्हीला पेरावं लागत नाही. एकदा उगवले की उपटणारा थकतो. परवा लग्नात जुनी चार टाळकी भेटली, विषय गुंडाप्पाचा निघाला, आणि वऱ्हाड जेवून गेलं तरी आमची पंगत उठेना. म्हटलं, थोडे तरी सांगून मोकळं व्हावं.

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नानांचं हॉटेल होतं. समोर माझं सायकलचं दुकान, शेजारी गुंडाप्पाचं बारदानाचं. रिकामी पोती, सुतळी, दाभण. बाजूला करीमभाई रजया भरायचे. दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की आम्ही नानांकडे. तिथे पैजा लागायच्या. पैशाच्या नाही, नाना तेवढे कडक. पैज भज्यांच्या प्लेटची! पाऊस, कुस्ती, पंचायत, कशावरही. ज्याच्या बाजूने कमी लोक, त्याला भाव जास्त. नाना दारातल्या पाटीवर खडूने भाव लिहायचे.

तिकडे पिंगळी स्टेशनबाहेर मारोतीचा चहाचा गाडा. त्याच्याकडेही हाच धंदा. पण गाव वेगळं, माणसं वेगळी, म्हणून भावही वेगळा. आणि गुंडाप्पाच्या डोक्यात एके दिवशी वीज चमकली.

"हे बघ," तो मला म्हणाला, "नाना म्हणायलेत, पाऊस पडला तर एकाला दोन. मारोती म्हणायलाय, न्हाई पडला तर एकाला दोन. मी हितं पडण्यावर एक लावतो, तितं न पडण्यावर एक. काहीबी झालं तरी एक जाती, दोन येत्यात. चित बी माझी, पट बी माझी!"

मी विचार केला. चूक सापडेना. म्हटलं, "मग आजवर हे कुणी काहून केलं न्हाई?"

"कारण सगळे येडे हायती!" गुंडाप्पा म्हणाला.

*

पहिला सौदा पावसाचा. पैज अशी, की उद्या परभणीत पाऊस पडतो का. नानांचा नियम होता, हॉटेलच्या पत्र्याची पन्हाळ वाहिली तर पाऊस. गुंडाप्पाने इथे 'पडणार' लावलं, पिंगळीत 'पडणार नाही'.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. पन्हाळ कोरडी ठाक. नानांकडची प्लेट गेली. गुंडाप्पा खुशीत पॅसेंजरने पिंगळीला. मारोतीला म्हणाला, "काढ दोन प्लेटी. थेंब न्हाई पडला."

मारोती म्हणाला, "तसं कसं? आमचा नियम निराळा हाय. परभणीकडनं येणाऱ्या गाडीतनं पैला माणूस उतरतो, त्याचे कपडे बघायचे. भिजलेले असले तर पाऊस झाला."

"मग?"

मारोतीने बोट दाखवलं. बाकावर एक म्हातारेबुवा बसलेले. पटक्यापासून सदऱ्यापर्यंत चिंब!

गुंडाप्पा धावला. "बाबा, परभणीत पाऊस व्हता का?"

"कशाचा पाऊस! लय उकडायलं म्हणून स्टेशनातल्या नळाखाली डोकं धरलं."

गुंडाप्पाने मारोतीकडे बघितलं. मारोती म्हणाला, "नियम म्हंजे नियम."

दोन्ही प्लेटी गेल्या. परत येऊन तो बराच वेळ पन्हाळीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पाऊस एकच असतोय रे. पण पाऊस म्हंजे काय, हे दोन्हीकडं आधी इचारून घ्यावं लागतं."

*

पुढची कुस्ती. झरीच्या जत्रेत झरीचा पैलवान आणि चारठाण्याचा पैलवान यांची जोड ठरली. आमच्याकडे सगळे झरीच्या बाजूने, म्हणून चारठाण्यावर लावणाऱ्याला भाव चांगला. पिंगळीत नेमकं उलटं.

गुंडाप्पाने नानांकडे चारठाण्यावर लावलं आणि झरीवर लावायला स्टेशन गाठलं. पॅसेंजर वेळेवर आलीच नाही. तो पिंगळीत उतरला तेव्हा मारोतीच्या गाड्यावर बातमी आधीच पोचली होती: चारठाण्याच्या पैलवानाचा घोटा मुरगळलाय! आता सगळ्यांनाच झरी पाहिजे. गुंडाप्पाला भाव कोण देतो? एक पाय परभणीत अडकला, दुसरा ठेवायला जागा नाही. पैलवान लंगडत आखाड्यात उतरला आणि गुंडाप्पासह चीत झाला.

पुढच्या जत्रेला पुन्हा तीच जोड. या वेळी गुंडाप्पा शहाणा झाला होता. करीमभाईंना सकाळीच पिंगळीला धाडलं. सांगणं एवढंच, की मी इथे चारठाण्यावर लावतो, त्याच वेळी तुम्ही तिथे झरीवर लावा.

दुपारी करीमभाई आले. गुंडाप्पाने विचारलं, "लावलं?"

"लगाया ना. चारठाणे पे."

"चारठाण्यावर? अहो, झरीवर सांगितलं व्हतं!"

"अप्पा, चारठाणेवाले पैलवान के वालिद वहींच बैठे थे, चाय पीते हुए. मेरेकू पूछे, भाई किसपे लगा रहे? उनके मुंह पे उनके बच्चे के खिलाफ कैसा लगाता मैं? दिल नक्को बोला!"

गुंडाप्पा डोकं धरून बसला. दोन्हीकडे एकच पैलवान. हरला तर सगळंच बुडालं.

आणि चारठाण्याचा पैलवान जिंकला!

नानांकडच्या प्लेटी आल्या, पिंगळीच्याही आल्या. आम्ही पोटभर हाणल्या. गुंडाप्पा मात्र संध्याकाळपर्यंत करीमभाईंशी बोलला नाही. मी म्हटलं, "अरे, जिंकलास की!"

तो उखडला. "जिंकायचं कुणाला व्हतं? आपला धंदा न हरायचा हाय!"

*

हळूहळू त्याचं नाव झालं. पण त्यातही गोम निघाली. तो पाटीकडे नुसता बघायला लागला, की मागून कुजबूज सुरू: "अप्पा बघायलाय. काहीतरी हाय!" त्याने एक प्लेट लावली की पाठोपाठ सगळा मोंढा तेच लावायचा. नाना फडकं फिरवून भाव खाली आणायचे. पुढे तो इतका चोरून लावायला लागला, की एकदा डोक्यावर पोतं पांघरून आला.

नाना म्हणाले, "या अप्पा. पोतं तुमच्याच दुकानाचं दिसायलंय."

*

हे सगळं गुंडाप्पाच्या बायकोच्या, महानंदा वहिनींच्या कानावर जायचंच. एक दिवस मी त्यांच्याकडे जेवायला होतो. गुंडाप्पा मिशीला पीळ देत म्हणाला, "आज काय केलं तरी एक प्लेट सुटली."

वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "कुठं सुटली?"

"पिंगळीला."

"खायला कसं गेलता?"

"गाडीनं."

"तिकीट काढलं?"

"काढलं की. करीमभाईचंबी काढलं. त्याला चहाबी पाजला."

"दुकान?"

"बंद ठिवलं."

वहिनी आत गेल्या. कढईचा चुर्र आवाज आला. थोड्या वेळाने गरम भज्यांची परात आणून त्यांनी मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. ही बिनतिकिटाची."

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता. गावागावांत माणसांनी फार सोसलं. आमच्यातला किसन पोस्टात होता. त्याच्या बहिणीचं खेड्यातलं घर जाळलं होतं, आणि ती लेकरं घेऊन किसनच्या एका खोलीत राहायला आली होती.

अशात गुंडाप्पा एका दुपारी पिंगळीहून धावतच आला. "ऐका! तिकडं नामांतरावर भाव निघालाय. व्हईल म्हणणाऱ्याला लय भाव. नाना, आपलाबी काढा, मधी चांगलं सुटतंय!" सांगता सांगता त्याने स्वतःच खडू उचलला आणि पाटीवर लिहायला लागला.

कोपऱ्यातल्या टेबलावर किसन बसला होता. गुंडाप्पाचं लक्षच नव्हतं. किसनने कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "अप्पा, आमचा भाव काय चाललाय म्हणलाव?"

गुंडाप्पाने वळून बघितलं. मग हात ओला करून पाटी पुसली, कोपऱ्यापर्यंत पुसली, आणि किसनच्या समोर जाऊन बसला. म्हणाला, "चुकलं माझं." मग गुंडाप्पाने विचारलं, "बहिणीच्या लेकरांला शाळंत घातलं का?"

"घातलं."

"दप्तरं?"

किसनने नाही अशी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नव्या कोऱ्या बारदानाची दप्तरं किसनच्या खोलीवर पोचली. गुंडाप्पाने स्वतः शिवलेली, लाल सुतळीने. किसन पुढे काही दिवस हॉटेलात आला नाही. आला तेव्हा गुंडाप्पाच्या शेजारी बसला. म्हणाला, "दप्तरं लय मजबूत शिवली अप्पा. पण दोरा निळा चालला असता."

सगळ्यांत आधी गुंडाप्पा हसला. नामांतरावर पिंगळीत भाव चालतच राहिला असेल. आमच्या पाटीवर तो विषय पुन्हा चढला नाही.

*

आता गौराचा सांगतो.

गौरा गुंडाप्पाची मोठी लेक. त्यांच्या घरात दहावीला बसलेली पहिलीच पोरगी. दुपारी दुकानात पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचायची. मोंढा ते बघत होता, म्हणून नानांकडे सगळ्यांचं मत एकच: पोरगी पास होणार. नापास म्हणणाऱ्याला एकाला तीन. पिंगळीला गौरा कुणी बघितली नव्हती, गुंडाप्पा तेवढा बघितला होता. त्यामुळे तिथे पास म्हणणाऱ्याला एकाला तीन!

गुंडाप्पाने सवयीने लावून टाकलं. इथे नापास, तिथे पास. आणि या वेळी एकही चूक केली नाही. पास म्हणजे काय ते दोघांकडून वदवून घेतलं: पहिल्या झटक्यात, सगळ्या विषयांत. दोन्हीकडे एकाच दिवशी लावलं, लावून होईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही, तिकिटाचा खर्चसुद्धा धरला. इतका बिनचूक सौदा त्याने आयुष्यात केला नव्हता.

परीक्षा झाली. निकाल जवळ आला. गौरा डबा घेऊन हॉटेलात आली, तेव्हा करीमभाई चेष्टेने बोलून गेले, "बेटी, तू पास हुई तो तेरे बाप का नुकसान! तेरे फेल पे लगाया ना उने!"

पोरगी जागीच थांबली. "खरं हाय का अप्पा?"

गुंडाप्पा गडबडला. "तसं न्हाई बाई. तिकडं पिंगळीला तुज्या पासवर बी लावलंय. ते दोन्ही मिळून असं असतंय, की तू पास झाली तरी आपलं, अन् न्हाई झाली तरी..."

गौराने डबा टेबलावर ठेवला. "म्हंजे तुमाला कसंबी चालतंय."

आणि गेली.

गुंडाप्पाने डबा उघडला नाही. संध्याकाळी नानांना म्हणाला, "माझं नापासवरचं काढून टाका."

"लावलेलं निघत न्हाई अप्पा. तुमीच तर नियम पक्के करून घेतले."

"मंग पासवर लावतो. तेवढंच. न्हाई, त्याच्याहून जास्त."

मी त्याला बाजूला घेतलं. "येडा झालास का? पासला हितं भाव काहीच न्हाई. सगळी कमाई घालवून बसशील, अन् नापास झाली तर दोन्ही गावं जेवू घालावी लागतील."

"घालीन," गुंडाप्पा म्हणाला. दुसऱ्या दिवशी पिंगळीला जाऊन तिथेही पासवर वाढवून आला. घरी गौरा त्याला ताट वाढायची, बोलायची नाही. त्यानेही काय केलं ते तिला सांगितलं नाही. करीमभाईंनी सांगितलं. स्वतःहून घरी जाऊन, वहिनींसमोर कान धरून.

निकालाच्या दिवशी गुंडाप्पाला शाळेत जायचं धाडस होईना. दुकानात बसून एकच सुतळी गुंडाळत होता, सोडत होता. आम्ही सगळे आपापल्या दारात. रस्त्याच्या टोकाला गौरा दिसली. तिच्या चालण्यावरूनच कळलं.

दुकानाशी येऊन ती म्हणाली, "गणित गेलं अप्पा."

गुंडाप्पा उठला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग रस्ता ओलांडून हॉटेलात गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नाना, भजी टाका! मोंढ्यात कुणी ऱ्हायलं न्हाई पायजे."

कढई चढली. प्लेटी फिरायला लागल्या. खाणारी माणसं मान खाली घालून बसलेली. गुंडाप्पा स्वतः वाढत होता. एक प्लेट घेऊन तो दुकानात आला आणि थप्पीवर बसलेल्या गौराच्या पुढ्यात ठेवली.

तिने डोळे पुसले. एक भजं मोडलं. अर्धं बापाला दिलं.

"अप्पा, ऑक्टोबरला पुन्ना बसता येतंय. सर म्हणले."

"बस की."

"ऑक्टोबरचा भाव काय निघंल?"

गुंडाप्पाने जरा विचार केला. "आता नापास झालीस म्हणल्यावर... पासवाल्याला एकाला पाच तरी देतील."

"हितं का पिंगळीला?"

"दोन्हीकडं."

गौराने उरलेलं अर्धं भजं तोंडात टाकलं.

"मंग आजच लावा. मी अभ्यासाला बसलेली दिसले, की भाव ऱ्हायचा न्हाई!"