विहिरीभोवतीची रेघ

माझ्या काकाने माझ्या वडिलांच्या डोक्यात फावडं घातलं तेव्हा मी सतराव्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पीत उभी होते. आवाज आला नाही. एवढ्या उंचीवर खालचं काही ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. पप्पा आधी गुडघ्यांवर बसले, मग हातातली भिजवलेल्या चुन्याची बादली त्यांनी काकाच्या तोंडावर रिकामी केली. काका डोळे दाबून अंगणात गोल गोल फिरायला लागला. मी कप तिथेच टाकला आणि लिफ्टकडे धावले. लिफ्ट बाराव्या मजल्यावर थांबली, एक गृहस्थ कुत्रा घेऊन सावकाश आत आले, आणि मी त्यांना जन्मात कुणाला दिली नव्हती अशी शिवी दिली.

आमचं गाव म्हणजे बोरिवलीतलं एक गावठाण. आम्ही इथले मराठी बोलणारे ख्रिस्ती. लग्नानंतर मी ज्या टॉवरमध्ये राहायला आले तो माझ्याच आजोबांच्या भातशेतीवर उभा आहे, त्यामुळे मी माहेर सोडलं असं म्हणता येत नाही. मी फक्त वर गेले. वरून सगळं दिसतं: कौलं, कौलांवरचे निळे प्लास्टिकचे कागद, मधोमध चर्च, आणि गल्ल्यांच्या टोकाला विहीर आणि तिच्या शेजारचा दगडी क्रूस.

पाद्री आले ते एकटे आले नव्हते, त्यांच्यामागे पोर्तुगीज शिपाई होते. चर्चमध्ये आम्हाला पाद्र्यांच्या दयेच्या गोष्टी सांगत, शिपायांच्या गोष्टी घरी ऐकायला मिळत. देऊळ पाडलं, गुरं नेली, बाप्तिस्म्याला ज्याने मान हलवली नाही त्याचं घर जाळलं. देवळाचे दगड चर्चच्या पायात गेले. फुलं कोरलेला एक तेवढा उरला, तो विहिरीच्या काठाला बसवला. आमच्या बायकांनी त्यावर टाचा घासून घासून फुलं गुळगुळीत केली. पुढे प्लेगमध्ये घरंच्या घरं मेली आणि वाचलेल्यांनी तो क्रूस उभारला. मग बिल्डर आले. सतराव्या मजल्यावरून हा सगळा इतिहास एका तळहाताखाली झाकला जातो. मी कितीदा झाकून पाहिलाय.

विहिरीला आमच्या बोलीत बाव म्हणतात. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून सगळं गाव बावेवर जातं. नवरीची काकी कळशी सोडते, आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. घरोघरी नळ आले तरी हे चुकलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं, आणि तिची कळशी माझी काकी सोडणार होती.

त्याआधी सरकारी मोजणी आली. उडता कॅमेरा गावाचे फोटो काढणार, त्यावरून नकाशा होणार, म्हणून प्रत्येकाने आपापली हद्द चुन्याने आखून ठेवा असा निरोप होता. एवढ्यावर शहाण्यासुरत्या माणसांची डोकी फिरली. शेजाऱ्याने शेजाऱ्याची पायरी फोडली. एका म्हाताऱ्याने जावयाचा हात पिरगळून मोडला. पप्पा आणि काका यांच्या दोन घरांमध्ये एकच अंगण, लग्नाचं डुक्कर तिथेच कापायचं, मांडव तिथेच पडायचा. तिथे कधी रेघ नव्हती. काकाने मारलेली रेघ पप्पांच्या मते वीतभर आमच्या बाजूला आली. वीतभर जागेसाठी फावडं. मला आजही या दोघांचा राग येतो.

मी खाली पोचले तेव्हा पप्पांचा शर्ट लाल आणि काका वरपासून खालपर्यंत पांढरा होता. काका गुरासारखा ओरडत होता. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत बावेवर नेला. काकी कळशीवर कळशी ओढत राहिली आणि मी त्याच्या पापण्या बोटांनी ताणून पाणी ओतत राहिले. त्याने मला दोन लाथा घातल्या. मी त्याला एक थोबाडीत ठेवून दिली आणि पुन्हा ओतायला लागले. एक डोळा वाचला, दुसरा गेला. पप्पांना अकरा टाके पडले. पोलिसांना दोघांनीही पाय घसरल्याचं सांगितलं. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. उडता कॅमेरा मात्र ठरल्या वेळी आला आणि घिरट्या घालून गेला.

नकाशा चर्चच्या हॉलमध्ये लावला, तेव्हा जो तो आपल्या घरावर बोट ठेवून भांडत होता. काकी मागे उभी होती. तिने विचारलं, "आणि बाव कुणाची?"

बोटं थांबली. विहिरीभोवती रेघच नव्हती. सगळ्यांनी आपापल्या रेघा तिच्यापासून चार हात अलीकडेच थांबवल्या होत्या, अगदी न ठरवता. वीतभर अंगणासाठी डोकी फोडणाऱ्या माणसांना बावेभोवती रेघ मारायची लाज वाटली. मारली असती तर बाव माझी असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि तसं आमच्यात कुणी म्हणत नाही. त्या अदबीपायी नकाशावर विहीर आणि क्रूस मोकळ्या, म्हणजे कुणाच्याच नसलेल्या जमिनीत गेले. मोकळ्या जमिनीला लागून होता आमचा टॉवर, आणि टॉवरला हवं होतं दुसरं गेट.

इथे मला एक लिहायचं नव्हतं, पण लिहिते. दुसऱ्या गेटच्या संमतीचा कागद सोसायटीत फिरला, तेव्हा मी हातात मेथीची जुडी घेऊन लिफ्टची वाट पाहत होते. न वाचता सही केली. सगळे करत होते.

जेसीबी आला त्या सकाळी पप्पा आणि काका दोघेही विहिरीच्या काठावर जाऊन बसले, एकमेकांकडे पाठ करून. बिल्डरच्या माणसांनी त्यांना पाय धरून ओढलं. पप्पांची जखम पुन्हा उघडली. काकाच्या उरलेल्या डोळ्याकडे एकाची मूठ गेली, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत. त्याने मला कोरीव दगडावर आपटलं. माझी एक बरगडी मोडली. थंडीत ती दुखते, आणि दुखली की मला माझी सही आठवते. क्रूस त्यांनी चर्चच्या आवारात नेऊन ठेवला, फार आदराने, हात जोडून. दगड विहिरीत ढकलला. वरून दोन दिवस राडारोडा ओतला आणि पेव्हर ब्लॉक बसवले.

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड आला. बरगडीमुळे मला गर्दीत जायला बंदी होती, म्हणून मी वरच होते. पप्पांचा फोन आला. जेवलीस का वगैरे काही नाही. "गॅलरीत ये," म्हणाले. "बाव कुठं होती ते वरून सांग. इथं सगळं सारखंच दिसतंय गं."

मला ती जागा पाठ होती. चर्चच्या घंटेपासून काकाच्या स्वयंपाकघराच्या कौलापर्यंत सरळ नजर नेली की मधोमध बाव यायची. खाली काका हातात कुंचा घेऊन वाकला होता, आणि चुन्याची बादली पप्पांच्या हातात होती. मी फोनवर सांगितलं, चर्चकडे दोन पावलं. मग फोन तोंडापासून दूर नेऊन, फावड्यानंतर पहिल्यांदाच, पप्पा भावाशी बोलले. "चर्चकडे दोन पावलं घे रे," म्हणाले.

काकाने एका डोळ्याने, हळूहळू, ब्लॉकवर गोल रेघ मारली. दुसऱ्या गेटवर गाड्या थांबल्या, वॉचमन काठी आपटत आला, आणि बँडवाल्यांनी त्याला कोपऱ्यात दाबून धरला. काकी रेघेपाशी उभी राहिली. तिने कळशीला दोरी बांधली आणि नेहमीसारखी दोन्ही हातांनी सोडली. कळशी कुठे जाणार. माझ्या मजल्यावर खालचं काही ऐकू येत नाही, पण फोन चालू होता. कळशी ब्लॉकवर आपटल्याचा आवाज मला त्यातून आला.