दुसऱ्या आवृत्तीतलं एक वाक्य

बाईंना जाऊन आता चार महिने होतील. त्यांनी परळच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर कीटकांवर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर मुलांसाठी पुस्तकं लिहिली. राहायच्या शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे आम्ही सात-आठ जण जमायचो. त्यात एक शिंपी होता, बँकेतल्या एक मॅडम होत्या, दोन कॉलेजची पोरं होती आणि विम्याच्या ऑफिसात कारकुनी करणारा मी. कुणाचं शिक्षण किती, हे बाईंनी कधी विचारलं नाही. बसायला धीर आहे का, एवढंच बघायच्या.

मी पहिल्यांदा गेलो तो बुटांच्या खोक्यात एक किडा घेऊन. त्याचं नाव विचारायचं होतं. बाईंनी नाव सांगितलंच नाही. म्हणाल्या, "हा काय खातो ते आठवडाभर बघ आणि मग ये." मला रागच आला. एक नाव सांगायला यांचं काय जातं, असं पुटपुटत मी काळाचौकीला घरी परत आलो आणि आठवडाभर किड्यापुढे बसलो. तेव्हापासून जो अडकलो तो अडकलोच.

नोंदी ठेवण्याबाबत त्या फार कडक. जे दिसलं ते जागेवर, पेन्सिलीने लिहायचं. ज्या दिवशी बघायला जमलं नाही, त्या तारखेपुढे 'पाहिलं नाही' असं लिहायचं. त्यांच्या स्वतःच्या वह्यांतही हे दोन शब्द सगळीकडे. 'ताप, पाहिलं नाही. पाहुणे, पाहिलं नाही.' आम्ही त्यांची थट्टा करायचो की बाईंनी आयुष्यात पाहिलं किती आणि पाहिलं नाही किती. त्यावर त्या हसायच्या, पण सूट द्यायच्या नाहीत.

एका पावसाळ्यात आमच्या चाळीच्या गॅलरीत, मीटरच्या पेटीवर, कुंभारीण माशीने घर केलं. चिखलाचं बोराएवढं गाडगं, त्यात एक अंडं, वर हिरव्या अळ्या कोंबलेल्या आणि तोंड लिंपून बंद. बाई तेव्हा याच माशीवर मुलांचं पुस्तक लिहीत होत्या. पिल्लू मोठं होऊन बाहेर पडतं त्या क्षणाची नोंद त्यांच्याकडे नव्हती. म्हणाल्या, "ते तू बघ. शेवटचं पान मी तुझ्यासाठी ठेवलंय." मी हवेत होतो. ऑफिसला जाण्यापूर्वी आणि आल्यावर स्टूल टाकून बसायचो. आई वैतागायची. "काय रे, त्या चिखलाच्या गोळ्याक बघीत काय रवलंस? त्यात काय तुझी बायल आसा?" म्हणायची. पण गणपतीच्या साफसफाईत तिने त्या पेटीला केरसुणी लावली नाही.

गणपती जवळ आले आणि घोटाळा झाला. मी मंडळाचा जुना कार्यकर्ता. ऑफिस सुटलं की थेट मांडवात, तिथून घरी येऊन अंथरुणावर, सकाळी पुन्हा घाईघाईत ऑफिस. गाडग्याकडे सहा दिवस मान वर करून बघितलं नाही. सातव्या दिवशी बघतो तर बाजूला गोल भोक आणि आत काही नाही. वहीत सहा वेळा 'पाहिलं नाही' लिहायला हवं होतं. माझी लाज मला ते लिहू देईना. मी लिहिलं, 'सकाळी सात वाजता भोक पाडून बाहेर आली. लगेच उडाली नाही. गाडग्याच्या कडेवर पाच मिनिटं बसली, पंख वाळवले, घराभोवती एक फेरी मारली, मग गेली.' हे लिहिताना मला आपण फार छान लिहितो असंसुद्धा वाटलं.

बाईंनाही ते फार आवडलं. पुस्तकाचं शेवटचं पान त्याच्यावरच झालं. घराचा निरोप घेणारी माशी, चित्रासकट. आमच्या शिंप्याने ते पान कापून दुकानात लावलं होतं. मी त्याच्या दुकानावरून जायचं बंद केलं.

दोन वर्षांनी एका मुलीचं पत्र आलं. कोकणातल्या एका गावची, सातवीतली. तिने गोठ्याच्या भिंतीवरची तीन घरटी पाहिली होती. तिन्ही माश्या बाहेर पडल्या पडल्या उडून गेल्या, एकही बसली नाही, फेरी तर नाहीच. शेवटी तिने विचारलं होतं, 'माझं बघण्यात काही चुकलं का?'

मुलांच्या पत्रांना उत्तरं आम्हीच लिहायचो आणि बाई वाचून सही करायच्या. हे पत्र त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "तुझी माशी आहे, तूच लिही." मी लिहिलं की प्रत्येक माशी वेगळी वागू शकते, तुझं बघणं चुकलेलं नाही. यात शास्त्राच्या दृष्टीने खोटं काही नव्हतं, कारकुनी डोकं अशा वेळी बरोबर चालतं. बाईंनी वाचलं, सही केली आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली. 'पुढच्या वर्षी आणखी घरटी बघ. बसणारी माशी तुला नक्की सापडेल.'

पाकीट घेऊन मी दादरला पोस्टाच्या पेटीपाशी गेलो. ती पोरगी पुढच्या पावसाळ्यात गोठ्यात बसून राहणार, मी मनाने रचलेल्या माशीची वाट बघत, आणि ती दिसली नाही की आपलेच डोळे वाईट असं धरून चालणार. माझ्याच्याने पाकीट टाकवेना. एक गृहस्थ मागून म्हणाले, "टाकताय की मी टाकू?" मी बाजूला झालो आणि चालत बाईंकडे परत गेलो.

सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वहीतलं बाकीचं?"

"बाकीचं खरं आहे, बाई."

"ते मी आता कशावरून ठरवू?"

त्यांनी माझ्या वह्या मागवल्या आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'वापरू नये.' चार वर्षांचं काम होतं, त्यातलं एक पान सोडून सगळं खरं होतं. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही आला. एवढं तोंडाने कबूल केलं त्याचं काहीच नाही का, असं वाटत राहिलं. त्या म्हणाल्या, "नवी वही घे. रविवारी ये."

मुलीला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा शेवटचं पान बदललं होतं. त्यात मुलीची तीन घरटी आली आणि खाली एक वाक्य, 'पहिल्या आवृत्तीत मी लिहिलेली बसणारी माशी कुणी पाहिली नव्हती, ती माझी चूक होती.' मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे, तसं छापा. निदान एका सहकाऱ्याची, असं तरी."

"पुस्तकावर नाव कुणाचं आहे?" त्या म्हणाल्या. "तू मला फसवलंस. मुलांना मी फसवलं."

त्यांच्याकडे मी शेवटपर्यंत जात राहिलो. नव्या वहीतल्या नोंदी त्यांनी पुढच्या दोन पुस्तकांत घेतल्या. जुन्यांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही, आणि मीही तो कुणापाशी काढला नाही.

दादरला त्यांची शोकसभा झाली. बोलणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी दुसऱ्या आवृत्तीतलं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ, पण स्वतःच्या हातून झालेली चूक छापून कबूल करण्याचं धाडस बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बँकेतल्या मॅडम डोळे पुसत होत्या. मी उभा राहिलो. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं, माईकही नव्हता, आवाज फाटला. मी सांगितलं की ती चूक बाईंची नव्हती. त्या दिवशी मी मांडवात होतो, गाडग्याकडे बघितलंच नव्हतं, आणि जे लिहिलं ते बनवून लिहिलं.

अध्यक्ष भले गृहस्थ, सावरून घेत म्हणाले, "बाईंनी तुम्हाला केव्हाच माफ केलं असेल."

"नाही केलं," मी म्हटलं. "त्या वह्यांवर अजून 'वापरू नये' लिहिलेलं आहे. तसंच राहू द्या."

आणि खाली बसलो. बाई गेल्याचा फोन आला तेव्हा, स्मशानात, नंतरच्या सगळ्या रविवारी, मला रडू आलं नव्हतं. ते तिथे, त्या खुर्चीवर, सगळ्यांसमोर आलं.