आदी काय लागतंय?

आमच्या पौडच्या कॉम्प्युटर क्लासमधले लॅबवाले काका 'नेक्स्ट' हे बटण वाचल्याशिवाय दाबत नसत. यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल, कारण आपणही वाचतो असं तुम्हाला वाटतं. आपण वाचत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण चार-पाचदा 'नेक्स्ट' दाबतो, 'मला मान्य आहे' असं कबूल करतो आणि चहा प्यायला उठतो. काका प्रत्येक चौकटीतला मजकूर बोट लावून वाचत, अडलेला इंग्रजी शब्द वहीत उतरवून घेत, आणि करारनामा सतरा पानांचा असला तर सतरा पानं वाचत. मागच्या बाकावरची पोरं खिदळत असत. एकदा मीच त्यांना म्हणाले, "काका, हे कुणीही वाचत नाही." मान वर न करता ते म्हणाले, "आपन कशाला व्हय म्हनतोय ते कळाया नगं? लग्नातबी इचारत्यात."

हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. क्लासमधली सोळा मशीन पुसणं, कीबोर्ड उलटे करून झटकणं, वीज गेली की बॅटरीकडे धावणं आणि लागेल ते सॉफ्टवेअर टाकून देणं, ही त्यांची कामं. आयुष्यात त्यांनी प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती. शिकवणारे सर बदलत राहिले, काका राहिले. "मी सुतार न्हाई," ते म्हणत, "मी हत्यारांना धार लावनारा."

माझी त्यांची खरी ओळख झाली ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मला प्रोजेक्टसाठी मोबाइलचं अ‍ॅप बनवायचं होतं. त्यासाठी जी अवजारांची पेटी लागते तिला एसडीके किंवा नुसतं किट म्हणतात, आणि ती पेटी चालायला तिच्याआधी आणखी चार गोष्टी मशीनवर असाव्या लागतात. मी पेटी आधी टाकली, चार गोष्टी नंतर, त्यातल्या दोन दोनदा. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप लाल अक्षरांत ओरडायला लागला आणि मी रडकुंडीला येऊन काकांपुढे उभी राहिले. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. वही काढली, माझ्यापुढे पेन ठेवलं आणि विचारलं, "आदी काय लागतंय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी म्हणाले, जावा, म्हणजे ज्या भाषेत अ‍ॅप लिहायचं ती. "त्याच्या आदी?" मग त्यांनीच लिहिलं: डिस्कवर जागा किती. त्याच्यानंतर, मशीन चौसष्ट बिटांचं हाय का. मग जावा, मग जावा कुठं ठेवलंय ते मशीनला सांगणं, मग किट, मग फोनचा ड्रायव्हर. मी घातलेला सगळा गोंधळ त्यांनी काढून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक पायरीनंतर मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि तेवढ्या वेळात खोलीबाहेर जाऊन उभं राहायचं, असा नियम. "दम खाऊ दे तिला," म्हणत. मग काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून मशीनला विचारायचं, बाई, तुझ्याकडे जावा आहे का? मशीन आकडा सांगे. तो आकडा वहीत लिहून पुढे बरोबरची खूण. "उत्तर आलं म्हंजी हाय. आपल्या मनानं हाय म्हनायचं न्हाई," काका सांगत. संध्याकाळी माझ्या फोनवर माझ्या अ‍ॅपचा पहिला पांढराफटक पडदा उमटला, तेव्हा मी उडी मारली आणि काकांनी वही मिटून तिला रबरबँड लावलं.

यादी करायची त्यांची ही सवय इतकी हाडीमांसी खिळली होती की तहसील कचेरीत दाखला काढायला आलेली माणसं एसटी स्टँडवरून आधी आमच्या क्लासात डोकावत. काका त्यांना कागदांचा क्रम लिहून देत. कुठल्या कागदाआधी कुठला कागद. त्यांची यादी घेऊन गेलेला माणूस परत फिरत नसे, असं पौडात बोललं जाई, आणि माझ्या पाहण्यात तरी ते खरं होतं.

काकू अंगणवाडी सेविका होत्या. ताम्हिणीच्या रस्त्याला त्यांचं गाव, दोन खोल्यांचं घर, दारात अबोली, भिंतीवर बुद्धांची तसबीर. मी दोन-तीनदा जेवायला गेले होते. काकू दिवसभर तीस पोरांशी बोलून यायच्या आणि घरी आल्यावर उरलेलं काकांशी बोलायच्या. काकांच्या वाट्याला "व्हय" आणि "न्हाई" एवढंच यायचं आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. मग एका सकाळी काकूंना झटका आला. उजवं अंग गेलं, ते थोडंफार सुधारलं. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरांनी सांगितलं, कळतं सगळं, बोलता येणार नाही.

पुढच्याच महिन्यात काका माझ्याकडे आले. मी तेव्हा नुकती पास होऊन क्लासात शिकवत होते. त्यांनी फोनवर एक तयार अ‍ॅप आणून दाखवलं. चित्र दाबलं की त्यातली बाई बोलायची, "मला तहान लागली आहे." काका म्हणाले, "हे ऐकून तिनं तोंड फिरवलं. घरात असं कोन बोलतंय?" त्यांना काकूंसाठी वेगळं अ‍ॅप हवं होतं. मोठी बटणं, काकूंचे शब्द, आणि आवाज काकूंच्या धाकट्या बहिणीचा. फोनवर त्या दोघींतला फरक काकांनाही कधी कळत नसे. मी म्हणाले, "पंधरा दिवसांत करून देते काका. तुमच्या लॅपटॉपवर किट टाकून ठेवा, मी घरी येऊन काकूंच्या समोरच बनवते, म्हणजे त्यांना हवं तसं करता येईल." हे मी मनापासून बोलले होते.

काकांच्या घरात नेट नाही. रेंज येते ती घाटाच्या अलीकडच्या एका वळणावर, तिथल्या ढाब्याच्या बाकावर. ताम्हिणीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. किट काही जीबींचं. काका सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून बाकावर जाऊन बसत, फोनचं नेट लॅपटॉपला जोडत आणि टक्के बघत राहत. नव्वदला येऊन तुटलं तर "तुटलं" एवढंच म्हणून पुन्हा सुरू. घरी शेजारची वहिनी काकूंपाशी बसलेली असे. तीन रविवारांनी किट उतरलं. त्यांनी फोन केला, "समदं टाकलंय, समद्याचं उत्तर आलंय. तू ये."

तेवढ्यात मला हिंजवडीला नोकरी लागली. भुकूमला फ्लॅट भाड्याने घेतला, तीन मुलींत मिळून. भुकूमहून काकांचं गाव एका तासावर आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पहिल्या वेळी मला खरंच सुट्टी नव्हती. दुसऱ्या वेळी अर्धीमुर्धी होती, पण अंग मोडून आलं होतं. आणि तिसऱ्या वेळी फोन वाजला तेव्हा मी गादीवर लोळत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, त्याचं नवीन व्हर्जन आलंय. आधी ते टाकून ठेवा ना, मग मी येते."

जुन्यावर काम झालं असतं. सात-आठ बटणांच्या अ‍ॅपला नव्याची गरज नव्हती, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. पण काकांना कुठली थाप पचेल हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. अमुक आधी लागतं असं म्हटलं की ते दुसरं काही विचारत नसत. "व्हय का? मंग टाकतो," ते म्हणाले. नवं टाकून झाल्यावर पुन्हा फोन आला. मी म्हणाले, आता त्याला जावाही नवीन लागेल. मग मी म्हणाले, फोनचा ड्रायव्हर. असं करत मी वर्ष काढलं. मी वाईट मुलगी नव्हते, एवढंच म्हणून मी पुढे जाते, कारण त्यावर मलाही फार वेळ थांबवत नाही.

त्या पावसाळ्यात आमची ऑफिसची टोळी धबधबे बघायला ताम्हिणीला निघाली. भजी खायला गाड्या थांबल्या त्या नेमक्या त्याच ढाब्यावर. कोपऱ्यातल्या बाकावर काका बसले होते, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, त्याच्या आत लॅपटॉप. मला बघून ते इतके हरखले की कागदावरचं पाणी बाजूच्या माणसाच्या भज्यांत गेलं. "आटुसष्ट झालंय," त्यांनी मला पडदा दाखवला. "आज उतरलं की तुज्या सात-आठ बटनांच्या अ‍ॅपचं समदं झालं. तुजी काकू वाट बघतीया." माझ्याबरोबरचा एकजण, उत्तरेकडचा, मनाने चांगला मुलगा, वाकून बघत म्हणाला, "अंकल, ये क्यूँ डाउनलोड कर रहे हो? छोटा ऐप है तो पुराना वाला भी चलेगा. मस्त चलेगा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भजी खात होते. त्यांनी कागद पुन्हा डोक्यावर ओढला आणि टक्के बघत बसले. डाउनलोड थांबवलं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, पण ते का थांबवलं नाही ते कळलं नाही.

खरं तर मी दुसऱ्याच रविवारी जायला हवं होतं. पण आधी वेळ नव्हता म्हणून गेले नाही, आणि आता लाज वाटली म्हणून गेले नाही. काकांचा फोनही आला नाही. दिवाळी गेली. थंडी संपत आली असताना क्लासातल्या सरांचा फोन आला, काकू गेल्या. झोपेतच गेल्या म्हणाले, त्रास झाला नाही. त्यांना काय बोलायचं राहिलं होतं ते तरी कुणाला कळणार होतं?

काकूंच्या पुण्यानुमोदनाला मी गेले. वंदना झाली, माणसं जेवून पांगली. मी निघाले तर काका म्हणाले, "थांब थोडी. एक काम हाय." त्यांनी लॅपटॉप आणून पुढे ठेवला आणि वही उघडली. "ह्यो आंगनवाडीला द्यायचाय, पोरांना चित्रं बघाया. त्याच्यावरचं समदं काढायचंय. शेवटी टाकलंय ते आदी काढायचं. तू वाच, मी काढतो."

मी यादी उलटी वाचायला लागले. नऊ, फोनचा ड्रायव्हर, नवा. आठ, जावा, नवं. प्रत्येक ओळीपुढे तारीख, उत्तर आल्याचा आकडा आणि बरोबरची खूण. काका प्रत्येक चौकट वाचत होते. 'हे खरंच काढून टाकायचं का?' असं मशीनने विचारलं की क्षणभर थांबत आणि 'होय' दाबत. सहाव्या ओळीला माझ्याने राहवेना. मी म्हणाले, "काका, मी खोटं बोलले. जुन्यावर झालं असतं."

"ठाऊक हाय," काका म्हणाले. "ढाब्यावरच कळलं."

"मग तुम्ही ते नवीन का उतरवत बसलात?"

त्यांनी चौकट वाचून 'होय' दाबलं. "मला वाटलं, तू सांगतीस तेवढं समदं टाकून झालं, की तुज्याकडं सांगाया काय उरनार न्हाई. मंग येशील."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "वाच फुडं." पाच, चार, तीन, दोन. सगळं निघालं. पहिल्या ओळीवर आले तर तिथं ना जावा होतं ना डिस्कची जागा. तिथं लिहिलं होतं: 'एक. तिला काय बोलायचंय ते तिला इचारने.' पुढे बरोबरची खूण, आणि खाली काकूंचे शब्द. काका एकेक शब्द म्हणत गेले होते आणि काकूंनी डाव्या हाताने त्यांचं बोट दाबलं तोच लिहिला होता. तीन दुपारी लागल्या म्हणाले. पानी. दुकतंय. कूस बदला. लाईट घालवा. पोरं आली का. असं करत आठ. आठवा शब्द नव्हता, अख्खा प्रश्न होता: तुमी जेवला का?

"ही वळ ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. यादीची बाकीची पानं त्यांनी फाडून काढली, तेवढं पान वहीत ठेवून घेतलं. मी त्याचा फोटो काढू का विचारलं तर मानेनं हो म्हणाले. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. त्यात मेव्हणीच्या आवाजातली आठ रेकॉर्डिंगं होती. "हे तू ने. मला ऐकवत न्हाई, अन् पुसवतबी न्हाई."

काकांनी क्लास सोडला. पौडात आता कुणी कागदांचा क्रम लिहून देत नाही. मी ऑफिसात नव्या मुलांना किट टाकायला शिकवते, तेव्हा वही काढायला लावते, आणि ती मुलं मागे हसतात ते मला ऐकू येतं.

ते अ‍ॅप मी बनवलं. भुकूमच्या फ्लॅटवर, माझ्या लॅपटॉपवर, जुन्याच किटवर. आठ मोठी बटणं, आठ आवाज. शेवटचं बटण दाबलं की काकूंसारख्याच आवाजात कुणीतरी विचारतं, "तुमी जेवला का?" सगळं मिळून दोन संध्याकाळी लागल्या. काकांना मी हे अजून सांगितलेलं नाही.