तरंगणारं गंधक

आमच्या बेळगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर अजूनही भेटले, की आधी माझ्या डोळ्यांचा रंग बघतात आणि मग नमस्कार करतात.

मी तिथं कारकून होतो तेव्हा डॉक्टरसाहेब काविळीचा अभ्यास करत होते. काकती-कडोलीकडून पिवळे डोळे घेऊन येणाऱ्यांची लघवी तपासणं हे या कंपाउंडरांचं काम. पेल्यात चिमूटभर गंधकाची पूड भुरभुरायची. तरंगली तर ठीक. बुडाली तर पित्त उतरलंय, यकृत बिघडलंय. भुरभुरताना ते नैवेद्य दाखवल्यासारखे श्वास रोखून उभे राहत.

"गळ्यात काविळीची माळ घातलीस न्हवं? ऱ्हाऊ दे की!" ते रोग्याला म्हणत. "पर बाटली रोज हितं आणायची."

तुलनेसाठी शेजारी एका निरोगी माणसाचा पेला लागे. तो रोज त्यांचाच. मला दाखवत म्हणत, "बघा अण्णा, कसं होडीवानी तरंगतंय!"

एका सकाळी त्यांच्याच पेल्यातली पूड तळाशी गेली. मी नजर वळवली. त्यांनी तो पेला गुपचूप ओतला असता, तरी मी काही बोललो नसतो. त्यांनी पुन्हा चिमूट टाकली. तीही बुडाली. ते मोठ्यानं हसले.

"लिवा माझं नाव रोग्यांत! कालपतोर धडधाकट हुता ह्याची नोंद असलेला रोगी सायबास्नी कुठला गावायला?"

मग एक धुतलेला पेला त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"जावा अण्णा. आजपासनं निरोगी तुमी."