युगांडाला निघण्याआधी टोकावड्याला

त्या गुरुवारी सकाळी मी हिरामावशीसाठी चपलांचा नवा जोड केला. जुन्या जोडाला दोन महिनेही झाले नव्हते. तरी मऊ रबर कापलं, पट्टे लावले आणि आतली कड हाताने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली.

माझी बायको सुलभा चहा ठेवत म्हणाली, "चपला करून मन निवत असेल तर अजून चार जोड करा. पण डॉक्टरांना आज उत्तर द्या."

शहापुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीचा छोटा दवाखाना आहे. तिथे मी मलमपट्टी करतो. कुष्ठरोग बरा होतो, पण बधिर झालेल्या पायाला पुढेही काटा रुतलेला कळत नाही. अशा पायांसाठी मी चपला बनवतो. आमच्या डॉक्टरांबरोबर तीन आठवडे युगांडातल्या एका ख्रिस्ती दवाखान्यात जाऊन तिथल्या लोकांना हेच शिकवायचं होतं. पासपोर्ट आला होता. पिवळ्या तापाची लसही झाली होती. कुणी जाणार असाल तर ती निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या, आणि मिळालेलं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. राहिलं होतं फक्त तिकीट. डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबणार होते.

अडलं होतं हिरामावशीच्या पायापाशी. अकरा वर्षं दर गुरुवारी टोकावड्याला जाऊन मी तो पाय धुतो, घट्टे घासतो, तेल लावतो. चार वर्षांपूर्वी मला कावीळ झाली, पाच गुरुवार चुकले, आणि मावशीचं एक बोट गेलं. ते मी विसरलेलो नाही. कितीतरी दिवस प्रार्थनेत एकच विचारत होतो, प्रभू, माझ्यामागे त्या पायाकडे कोण बघेल?

नवा जोड आणि माझा पत्र्याचा डबा घेऊन मोटरसायकलवर किन्हवलीमार्गे सरळगावला निघालो. या रस्त्याने जायचं तर सकाळी लवकर निघा. भातकापणी उरकली होती. खळ्यांवर झोडणी चालू होती आणि पेंढ्याचा वास लांबपर्यंत सोबत येत होता. सरळगावला वडापाव खाल्ला, वीस रुपये, मिरची मागून घ्यावी लागते. तिथून माळशेजच्या दिशेने वळलं की टोकावडे दूर नाही.

मावशी ओट्यावर वाल सोलत होती. मी युगांडाचं सांगितलं, तीन आठवड्यांचंही सांगितलं.

"मंग जा की," ती म्हणाली. "माझा पाय काय पलून जातो? आनि गेला तरी मला कलनार नाय."

मला हसू आलं नाही. "बदली कुणी मिळतंय का बघतो, मावशी."

दारात तिची सून मंगल कोमट पाण्याचं घमेलं घेऊन उभी होती. दर गुरुवारी ती पाणी ठेवायची आणि मागल्या अंगणात निघून जायची. तिला किळस वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो. कधी मनातून तिला दोषही दिला होता.

"बदली कशाला?" ती म्हणाली. "मी हाय ना."

"तुला जमेल?"

"अकरा वर्सं बघते. पयल्या वर्सी टावेल घेऊन आले, तवा तुमीच म्हनलात, तू राहू दे, मी करतो. मंग तुमच्या मधी कशाला येऊ?"

मला ते आठवलं. मी प्रेमानेच म्हटलं होतं. पण म्हटलं होतं.

"आता बोलतीस व्हय गो?" मावशी सुनेला म्हणाली. "एवडी वर्सं तोंडात काय वाल धरलेलेस?"

मी पाटावरून उठलो. मंगल बसली. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं, कारण पाणी भाजलं तरी मावशीला कळणार नाही. मग पाय भिजवला, घट्टे घासले, बोटांच्या मधलं कोरडं केलं. मी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. शेवटी तिने जुन्या चपला उलट्या करून आतून हात फिरवला.

"हे कुठे शिकलीस?"

"रोज सांजच्याला बघते. बोट गेलं तवापासून." तिने कोनाड्यातली काड्यापेटी आणून उघडली. आत बाभळीचे काटे होते, सात-आठ. "चपलांतून काडलेले."

बोट गेल्यावर त्या पायाला नवी जखम झाली नव्हती. मी त्यासाठी देवाचे आभार मानत होतो, आणि थोडं श्रेय माझ्या हातांना देत होतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट मी शुभवर्तमानात कितीदा वाचली असेल. दुसऱ्याला धुऊ देणं एवढं जड जाईल, असं कधी वाटलं नव्हतं.

माझा पत्र्याचा डबा युगांडाला न्यायचा हे कधीचंच ठरलं होतं. आत कात्री, तेल आणि झिजून माझ्या मुठीच्या आकाराचा झालेला घासायचा दगड. तो डबा मी मंगलच्या हातात दिला, चपलांचा नवा जोडही. तिने दगड मुठीत धरून पाहिला. "मोटा हाय," म्हणाली, "पन होईल."

वाट वाकडी करून मुरबाडला बँडेजची रिळं घेतली आणि परतलो. अंधार पडायच्या आत शहापूर.

सुलभाने युगांडाला न्यायच्या बॅगेत पाहिलं. "डबा?"

"मंगलकडे."

"आल्यावर परत आणाल ना?"

"नाही. आल्यावर गुरुवारी जाईन, चहा प्यायला."

मग फोन उचलला आणि डॉक्टरांना सांगितलं, "तिकीट काढा."