एमिल हुडाकची साखळी

वेल्कर बेंडच्या स्लोव्हाक क्लबाच्या तळघरात उतरलं की डाव्या हाताला बोलिंगच्या दोन पट्ट्या, उजव्या हाताला पुरुषांचं शौचालय आणि मधल्या भिंतीवर आमचं व्यावसायिक फुटबॉल कीर्तिदालन. हसू नका. बाहेरगावचे लोक हसतात आणि मग आमच्याच क्लबातली तळलेली मासळी दोनदा मागून खातात. 'व्यावसायिक' हा शब्द चेस्टर वोइचिकच्या हट्टापायी पाटीवर आहे. पोलाद गिरणीतून सुटून शनिवारी चिखलात लोळणाऱ्या आमच्या पोरांना सामन्यामागे पाकीट मिळायचं, तेव्हा ते व्यावसायिकच, असं त्याचं म्हणणं. ते खरंही आहे.

भिंतीवर बावीस तसबिरी आहेत. सगळ्यात मोठी १९७४ च्या अंतिम सामन्याची. तिच्यात चिखल आहे, चेंडू आहे, त्याच्यावर वाकलेली नऊ डोकी आहेत आणि अगदी उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर आहे. ते कोपर एमिल हुडाकचं. एमिलची बायको मार्गिट एकोणपन्नास वर्षं प्रत्येक पाहुण्याला त्या तसबिरीपाशी नेते आणि कडेला बोट टेकवून म्हणते, "हा आमचा एमिल." पाहुणा वाकतो, बघतो, आणि "छान आहे," म्हणतो. कोपराला दुसरं काय म्हणणार!

एमिल साखळीवाला होता. आमच्या अमेरिकी फुटबॉलात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाही सरकलात तर समोरच्यांकडे जातो. दहा यार्ड झाले की नाही हे पंचाच्या डोळ्यांना कळेनासं झालं, की मैदानाच्या कडेवरून एमिल आणि त्याचा जोडीदार दोन काठ्या आणि मधली साखळी घेऊन यायचे. काठी रोवायची, साखळी ताणायची, "ताण!" असं एकदाच ओरडायचं आणि परत जायचं. सत्तावीस वर्षं त्यानं हे केलं, संघ मोडेपर्यंत. मैदानावर कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही; सगळे साखळीकडे पाहायचे. एमिलला त्याचं वाईट वाटायचं, हे मी स्पष्टच सांगतो. तो कधी बोलला नाही, पण क्लबात आला की आधी ती तसबीर सरळ करायचा, तिरकी नसली तरी.

त्या तसबिरीतला नायक रॉको तेदेस्को, एमिलच्या बहिणीचा नवरा. शेवटचा प्रयत्न होता, रॉको चेंडू पोटाशी धरून समोरच्या केलर फेरी संघाच्या ढिगाऱ्यात घुसला, साखळी आली, आणि लांबट चेंडूचं टोकदार नाक काठीच्या दोन बोटं पुढं निघालं. पुढच्याच झटापटीत आम्ही गोल केला आणि अजिंक्यपद आमचं झालं. तेव्हापासून गावात कुणीही रॉकोला भेटलं की 'नमस्कार चमत्कार' करत नाही, दोन बोटं जोडून वर करतं. पाद्रीबाबासुद्धा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबाच्या चिटणीसानं मैदानावर जाऊन मागच्या काठीच्या खळग्यापासून चेंडूच्या नाकाच्या खुणेपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी धरली, तेवढी कापली, आणि तळघराच्या लाकडी जमिनीत तेवढ्या अंतरावर दोन पितळी खिळे ठोकले. पुढं त्यातल्या एका खिळ्यावर शीतकपाट आलं आणि ते खिळे लोक विसरून गेले.

आता कीर्तिदालनाच्या भिंतीवर एकाच तसबिरीची जागा उरली आहे. तिच्या पुढं आग विझवायचं नळकांडं, आणि ते झाकलं तर तपासनीस क्लब बंद करील. त्या एका जागेसाठी निवड समिती अकरा वर्षं भांडते आहे. समितीत रॉको, चेस्टर, डोलोरेस ह्राबोव्स्का आणि दिवंगत अध्यक्ष लू. लू वारला त्याला नऊ वर्षं झाली, पण त्याची खुर्ची ठेवलेली आहे आणि त्याचं मत दर वर्षी 'विचाराधीन' असं लिहिलं जातं.

"ऑगी बेनेडेट्टो," रॉको दर वर्षी म्हणायचा. "अनवाणी पायानं चेंडू मारायचा. बर्फातसुद्धा."

"अनवाणी? मग कपाटात ठेवायचं काय?" डोलोरेस विचारायची. ती शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, कीर्तिदालनाचं कपाट तिच्या ताब्यात. निवडलेल्या माणसानं आपल्या कामाची एक वस्तू द्यायची, डोलोरेस ती मोजणार, तोलणार आणि चिठ्ठी लावणार, हा तिथला नियम. "पाय ठेवू का त्याचा?"

"त्यापेक्षा वॉल्ट बरा," चेस्टर म्हणायचा. "वॉल्टनं रॉकोसाठी रस्ता केला, दात पाडून घेतले. त्याची कवळी ठेवू."

"वॉल्ट ती कवळी अजून वापरतो, चेस्टर! मघाशी तिनंच मासळी खात होता."

असं अकरा वर्षं चाललं. यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या पहिल्या शुक्रवारी, कोबी-शेवयांची थाळी पुढ्यात घेऊन, रॉकोनं एकदम बॉम्ब टाकला.

"एमिल."

"कोण एमिल?" चेस्टरनं विचारलं. एमिल त्याच्या शेजारी बसून मीठ देत होता.

"हा एमिल! सत्तावीस वर्षं साखळी धरली."

"अरे, पण हा खेळला कुठं? नियम तीन वाच. 'ज्यानं व्यावसायिक सामन्यात संघाला अंतर मिळवून दिलं, तोच.' ऑगीनं लाथेनं दिलं, वॉल्टनं दातांनी दिलं. याच्या नावावर एक इंच तरी दाखव, मी माझं मत हातावर काढून ठेवतो. आणि हा व्यावसायिक कसा? याला पाकीट कुठं मिळायचं?"

"सँडविच मिळायचं," एमिल हळूच म्हणाला.

"सॉसेजचं की नुसतं?"

"सॉसेजचं."

यावर वीस मिनिटं वाद झाला. सॉसेज असलं तर तो मोबदला, नुसतं असलं तर धर्मादाय, असा निकाल लागला आणि एमिल व्यावसायिक ठरला. डोलोरेसचे डोळे तर साखळीचं नाव निघताच चमकले होते. बुटांची आणि शिरस्त्राणांची मापं घेऊन ती कंटाळली होती. इथं एक वस्तू जिचं माप हाच तिचा प्राण. "पुढच्या शुक्रवारी साखळी आण," ती म्हणाली. "पोलादी फीत घेऊन येते. मोजू, मग मत घेऊ."

एमिलनं कोबीची थाळी दूर सारली.

कारण ती साखळी सहा बोटं आखूड होती. ७४ च्या उन्हाळ्यात संघाचा ट्रक तिच्यावरून गेला, आणि एमिलनं तारेच्या गिरणीत चेपलेल्या कड्या काढून ती पुन्हा जोडली. किती कड्या काढल्या ते मोजायचं राहिलं. पुढच्या वसंतात टोमॅटोच्या दहा यार्डांच्या वाफ्याला कुंपण घालताना त्यानं मापाला तीच साखळी लावली, आणि कुंपण सहा बोटं कमी पडलं. तो तिथंच मातीत बसला. अजिंक्यपद मिळून पाच महिने झाले होते, रॉकोला गाव दोन बोटं दाखवत होतं. सहातून दोन गेली की उरली चार. रॉको चार बोटं कमी पडला होता. हे एमिलनं कुणाला सांगितलं नाही, मार्गिटलाही नाही. साखळी दोन्ही संघांना सारखीच आखूड, अशी मनाची समजूत घालून त्यानं तीच पुढं चौदा वर्षं ताणली.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं तर मार्गिटनं केस सेट करून घेतले होते, अक्रोडाच्या सहा पोळ्या लाटल्या होत्या आणि तसबिरीसाठी त्याचा लग्नातला टाय शोधून इस्त्री केला होता. "कोपर दाखवून दाखवून माझं बोट झिजलं," ती म्हणाली. "आता चेहरा दाखवीन." साखळी तशीच न्यावी तर डोलोरेसची फीत. एमिलला चेहरा हवा होता. रॉकोची दोन बोटंही जपायची होती. गुरुवारी सकाळी त्यानं गॅरेजात जुन्या कड्या शोधून काढल्या आणि साखळीत सहा बोटं भर घातली. जोड इतका सफाईदार की त्यालाही पुन्हा सापडेना. सत्तावीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम, आणि तेच कुणाला दाखवता येणार नव्हतं.

शुक्रवारी तळघर भरलं होतं. डोलोरेसनं चष्मा लावला, फीत टाकली, गुडघ्यांवर रांगत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि उठून म्हणाली, "दहा यार्ड. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही." टाळ्या पडल्या. मार्गिट रडायला लागली. 

तेवढ्यात रॉको उठला. "थांबा! माझ्याकडून एमिलला एक भेट." त्यानं खूण केली, दोघांनी शीतकपाट सरकवलं, आणि खाली कित्येक वर्षांची धूळ आणि पितळी खिळा. "ये एमिल! त्याच खिळ्यांवर तीच साखळी ताणू. पुन्हा एकदा, तुझ्या हातानं!"

खिळे! गॅरेजात एमिलनं सगळ्याचा विचार केला होता, खिळ्यांचा सोडून. लोक त्याला ढकलत पुढं घेऊन आले. एक काठी मागच्या खिळ्यावर चेस्टरनं धरली, दुसरी एमिलनं. सवयीनं तो ओरडला, "ताण!"

साखळी ताणली. चेंडूच्या नाकाचा खिळा काठीच्या अलीकडेच राहिला. चांगला चार बोटं.

 सगळेच एकदम बोलायला लागले. लाकूड आकसलं म्हणे. खिळा सरकला म्हणे. उपासात लोखंड वाढतं, असंही एकानं सांगितलं. डोलोरेस पुन्हा रांगली आणि उठून म्हणाली, "साखळी बरोबर आहे."

"आज बरोबर आहे," एमिल म्हणाला. "काल केली." आणि काठी न सोडता त्यानं सगळं सांगितलं: ट्रक, कड्या, टोमॅटो, गॅरेज.

रॉको खाली बसला. त्याचे गुडघे केव्हाच गेलेले, तो कधी जमिनीवर बसत नाही. खिळा आणि काठी यांच्यामध्ये त्यानं आपली चार बोटं आडवी ठेवली. बरोब्बर मावली.

"म्हणजे मी पोचलोच नव्हतो."

"नाही."

"मला वाटलंच होतं," रॉको म्हणाला. "ढिगाऱ्याखाली होतो ना. शेवटी चेंडू ढकलायला गेलो, तर हात हलेना. मग साखळी आली आणि पंच म्हणाला, झाले दहा. मी म्हटलं, सेंट अँथनीनं ढकललं. दर वर्षी त्या दिवशी मेणबत्ती लावतो त्याला." तो बोटांवर काहीतरी मोजू लागला आणि एकदम भडकला. "एकोणपन्नास मेणबत्त्या! एकोणपन्नास मेणबत्त्या मी चुकीच्या माणसाला लावल्या! आणि तू दर रविवारी माझ्या घरी येऊन सूप पीत होतास, लबाडा!"

"चूक झाली," एमिल म्हणाला. "तसबिरीचं राहू दे. जागा ऑगीला द्या." त्यानं मार्गिटकडे बघायचं टाळलं.

"गप्प बस," चेस्टर म्हणाला. तो अजून मागची काठी धरून उभा होता आणि कपाळाला आठ्या घालून विचार करत होता. चेस्टरला विचार करताना पाहणं हाही आमच्या गावातला दुर्मीळ योग. "शेवटची चार बोटं रॉकोनं मिळवली नाहीत. मान्य?"

"मान्य," रॉको गुरगुरला.

"सेंट अँथनीनंही नाहीत. पण अंतर मिळालं. सामना जिंकला. म्हणजे कुणीतरी मिळवून दिलं." त्यानं खिशातून नियमांचा कागद काढला, जणू कुणाला पाठ नव्हता. "नियम तीन. 'ज्यानं संघाला अंतर मिळवून दिलं.' कशानं दिलं, ते लिहिलेलं नाही. लाथ चालते, दात चालतात. याच्या नावावर चार बोटं निघतात. मी इंच मागितला होता. माझं मत एमिलला."

"पण ही लबाडी आहे!" डोलोरेस म्हणाली.

"अजाणता केलेली, डोलोरेस. जाणूनबुजून केली ती गप्प बसण्याची. गप्प बसण्याबद्दल नियमात काही नाही, नाहीतर लूची खुर्ची कधीच काढावी लागली असती."

मत घेतलं. रॉकोनं सगळ्यात शेवटी हात वर केला, आणि तोही रागारागात. लूचं मत विचाराधीन. केलर फेरीला अजून कुणी कळवलेलं नाही. तुम्हीही उगाच कळवू नका.

आता आग विझवायच्या नळकांड्याच्या अलीकडे एमिलची तसबीर आहे, लग्नातला टाय घातलेली. खाली डोलोरेसच्या अक्षरात चिठ्ठी: 'एमिल हुडाक. मिळवलेलं अंतर: चार बोटं.' कपाटातल्या रॉकोच्या चिठ्ठीवरचा अंतराचा आकडाही तिनं तेवढाच कमी करून घेतला. मार्गिट पाहुण्यांना आधी चेहरा दाखवते आणि मग, सवय सुटत नाही म्हणून, कोपर.

त्यानंतरच्या शुक्रवारी एमिल मासळीच्या रांगेत उभा होता. दारातून रॉको आला. महिनाभर बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि तो बोललाही नाही. त्यानं लांबूनच हात वर केला, चार बोटं जोडून. मग रांगेतल्या सगळ्यांनी केला. एमिलनं मागं वळून पाहिलं, हे कुणासाठी आहे म्हणून.